म्हसोबाकडचा सांडवा

गहिनीनाथाचं शेततळं भरायला लागलं तेव्हा पहिला पेढा खाल्ला तो केशरबाईनंच. खोटं कशाला बोला! तळ्याच्या खालच्या अंगाला तिचं घर, अन् अंगणातला हातपंप दोन वर्षं नुसता ठणठण वाजत होता. तळ्यात पाणी साचलं तशी पंपालाही धार आली. "लेकरा, तुज्या तळ्याचं भलं होवो," असं ती तोंडभरून म्हणाली. अन् पोळा होतो न होतो तोच त्याच तळ्याला शिव्या घालायची पाळी तिच्यावर आली.

त्या दिवशी सिरसाळ्याच्या अंगानं पाऊस आला तो दणकाच देऊन गेला. तळं काठोकाठ झालं. जादाचं पाणी निघून जायला तळ्याच्या भरावात वाट ठेवतात, तो सांडवा. गहिनीनाथाचा सांडवा नेमका केशरबाईच्या परसात उघडत होता. पाणी आलं ते थेट मागच्या भिंतीला येऊन टेकलं.

आता घर म्हणजे काय, पुढं पत्र्याची पडवी आणि मागं सासऱ्यानं बांधलेली मातीची एक खोली. मातीची भिंत दिवाळीनंतर पाडून विटांची करायची म्हणून पोरानं, प्रवीणनं, पुण्याला जाण्याआधी विटा आणून रचून ठेवल्या होत्या. पण दिवाळी लांब होती, आणि लेक वनिता पहिल्या बाळंतपणाला आलेली, त्याच खोलीत, त्याच भिंतीला खाट लावून. अजून नावसुद्धा न ठेवलेली पोर कुशीत. वाऱ्यापावसात बाळंतिणीला पडवीत काढायचं तरी कसं? केशरबाईनं भिंतीला बोट लावलं, तर बोटाबरोबर माती निघून आली.

पदर खोचून ती तळ्यावर गेली.

"आरं मुडद्या, सांडवा काढाया तुला माजंच परस घावलं व्हय?"

"काकू, पाया पडतो, वरडू नका," गहिनीनाथ म्हणाला. "मला काय कळत न्हाई का? उतार वड्याकडं हाय, पानी तिकडंच जायला पायजे. पन त्या वाटंवर म्हसोबा हाय."

"मग?"

"मग काय... आई."

झालं! उधळलेला बैल एका हातानं धरणारा हा गडी, पण आईचं नाव निघालं की मान खाली. केशरबाईनं त्याचा नाद सोडला आणि सरळ त्याच्या आईकडं, चंद्रभागाबाईकडं गेली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, एका बांधावर खुरपलेल्या. आडपडदा नव्हता.

"चंद्रभागा, माजी भिंत बसायला लागलीय. वड्याकडनं पानी काढ."

चंद्रभागाबाई सुपातली डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "म्हसोबाच्या अंगावर गढूळ पानी सोडू? गहिनीच्या बापानं नांगराला आडवा येतो म्हनून त्यो दगड हलवला, अन् त्याच साली गहिनी मरता मरता वाचला. तवाच मी बोलले होते, बाबा, आता तुला कुनी हात लावनार न्हाई. मला एकच लेकरू हाय, केशर."

"अन् माज्या लेकीला किती हायत?"

केशरबाईच्या घरात देव-देवस्की तिच्या सासऱ्यानं धम्म घेतला तेव्हाच सुटली होती. दगड तो दगड, असं ती फाडकन बोलू शकली असती. जिभेवर आलंही होतं. पण समोर एकुलत्या लेकरासाठी भ्यालेली आई होती, म्हणून तिनं जीभ आवरली. तशीच रागानं घरी परत आली.

सकाळी चंद्रभागाबाई दारात हजर. बाळंतिणीला बघायला कुणी रिकाम्या हातानं येतं का? पण ती आली तशीच. वाकून खोलीत शिरली, भिंतीवर तळहात ठेवला, पोरीच्या इवल्या पावलाला हात लावला आणि तशीच निघून गेली.

"कवा पडतीय ते बघाया आलती जनू," केशरबाई फणकारली.

तासाभरानं शेतातून जेसीबीची घरघर ऐकू आली. केशरबाई तिकडं पळाली. लिंबाखाली, म्हसोबापुढं चंद्रभागाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि गावातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी त्या दगडाशी बोलत होती.

"बाबा, तुला हलवत न्हाई. पन पानी तुज्या शेजारनं जानार. घरात बाळंतीण हाय. रागवायचं तर माज्यावर रागव, माज्या गहिनीकडं बघू नको."

काय धाडस केलं या बाईनं! कुणासाठी?

अडचण निघालीच. चर खोदला, पण पाण्याला जोर आला तर ते दगडावर चढणार. भोवती विटांचा आडोसा हवा, आणि पावसाळ्यात भट्ट्या बंद. गहिनीनाथ डोकं खाजवत बसला. चंद्रभागाबाईचा चेहरा उतरला.

केशरबाई तडक घरी गेली आणि विटांनी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन आली.

"अगं, तुज्या भिंतीच्या इटा त्या!" चंद्रभागाबाई ओरडली.

"पानीच आलं न्हाई तर भिंत कशाला पडतीय? घे. मी मानत न्हाई त्याला, पन तू मानतीस ना?" आणि गहिनीनाथाकडं वळून, "तू काय बघतूस टकामका? उचल की बाकीच्या!"

संध्याकाळपर्यंत आडोसा उभा राहिला. जुना सांडवा मातीनं गच्च बुजवला.

त्याच आठवड्यात भरदुपारी आभाळ फाटलं. केशरबाईला घरात बसवेना. डोक्यावर गोणपाट घेऊन ती लिंबाकडं धावली. तळ्याचं पाणी चरातून धोधो ओढ्याकडं चाललं होतं, आणि आडोशाच्या आत म्हसोबाचा शेंदूर लखलखीत, पाणी त्याच्या बुडालाही लागलं नव्हतं. न मानणाऱ्या देवासाठी तिचा जीव एवढा का हरखला, तिलाच कळेना.

चंद्रभागाला सांगायला म्हणून ती तिच्या घरी गेली, तर गहिनीनाथ एकटाच.

"आई? ती तर आभाळ भरून आलं तवाच तुमच्याकडं गेलीया."

केशरबाई चिखल तुडवत घरी आली. खोलीत वनिता पोरीला कुशीत घेऊन शांत झोपली होती. खाट भिंतीपासून ओढून मधे घेतलेली, आणि तिच्या जागी, त्याच मातीच्या भिंतीला पाठ टेकून चंद्रभागाबाई बसली होती.

"आगं, तितं कावून बसलीस? पडली असती म्हंजी?"

"पडली असती तर आधी मला कळलं असतं," चंद्रभागाबाई हळूच म्हणाली, पोर उठू नये म्हणून. "हात लावून बघ माज्या पाठीला. कोरडी हाय."

केशरबाईनं हात लावला. "लई उपकार झाले गं," एवढंच तिला बोलता आलं, आणि हात तिनं तिथंच राहू दिला.