उमाजीच्या गाठीची अट

मासेमार उमाजीच्या मुलीने, रंजीताने केलेला पाढ्यांचा खेळ आमच्या शाळेतल्या संगणकावर होता. उत्तर बरोबर आलं की पडद्यावरच्या जाळ्यात मासा उडी मारी. चुकलं की पळून जाई, आणि पोरं माझ्याऐवजी त्या माशावर रागावत. निवृत्तीनंतरही शिकवायला येणाऱ्या मास्तराला आणखी काय हवं?

२००४ च्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलातल्या शाळेतून धनराज मास्तरांचं पत्र आलं. थोडंफार प्रोग्रामिंग ते शिकले होते. त्यांच्याकडे पोहोचलेला हा खेळ त्यांना मुलांसाठी गोंडीत करायचा होता, पण त्यासाठी आतला प्रोग्राम उघडा, म्हणजे वाचता-बदलता येईल असा हवा होता.

पत्र घेऊन मी उमाजीच्या अंगणात गेलो. त्याची रंजीता चंद्रपूरच्या कॉलेजातून सुट्टीवर आली होती. तिने पत्र वाचून मान हलवली.

"नाई गुरुजी. मागच्या साली एका दुकानदारानं माहा पहिला प्रोग्राम घेतला, नाव पुसलं, कुलूप लावून सीडीवर इकला. आता मीच कुलूप लावणार."

"आणि धनराज मास्तरांची मुलं?"

"त्यायले मराठीतच खेळू द्या."

उमाजी बाजूलाच जाळं विणत बसला होता. "काऊन रंजी? चोरी दुकानदाराची, अन् शिक्षा जंगलातल्या पोराईले?"

"मंग काय करू, बाबा? उघडं ठेवलं तं पुन्हा कोणी दाबून बसंल."

"हे गाठ मी कोणालेही शिकवतो. अट एकच. पुढं तुह्याकडे कोणी शिकाले आलं तं नाई म्हणाचं नाई. झिंगू शिकला अन् दुसऱ्याले नाई म्हणे. मी जाऊन त्याच्या दारात बसलो. तीन दिवस चहा पाजला बिचाऱ्यानं, मंग शिकवलं."

रंजीता हसली आणि मधेच थांबली. "गुरुजी, असा परवाना आहे! जीपीएल. कोणीबी वापरा, बदला, इकासुद्धा. पण पुढं देताना आतला प्रोग्रामही द्या, अन् याच अटीवर द्या. लिहिणाऱ्याचं नाव पुसाचं नाई."

"असा दुसराही एखादा असेल ना?"

"हो, आहे एक, सोपा. नाव ठेवलं की झालं. पण त्यात घेणाऱ्याले कुलूप लावता येते."

"तो नको," उमाजी म्हणाला.

"तुमाले कोणं इचारलं, बाबा?" म्हणत तिने वहीत मोठ्या अक्षरात जीपीएल लिहिलं. चार दिवसांनी मी सीडी पोस्टात टाकली.

दिवाळीच्या तोंडावर, शाळेला सुट्टी लागण्याआधी रंजीता घरी आली, त्याच आठवड्यात धनराज मास्तरांची सीडी आली. खेळ गोंडीत झाला होता. पहिल्या ओळीत रंजीताचं नाव, खाली त्यांचं. शिवाय न मागता एक दुरुस्ती होती. आमचा खेळ वीज गेली की पुन्हा दोनच्या पाढ्यापासून सुरू होई. त्यांचा जिथे थांबला तिथूनच पुढे जाई. कॉलेजात राहून रंजीता गावातली वीज विसरली होती.

"गुरुजी, हे दुरुस्ती माह्या खेळात घेऊ?"

"घे की. अट तुझीच आहे."

त्या दुपारी तिने दुरुस्ती शाळेच्या संगणकावर चढवली, आणि तिसरीतली आचल सतराच्या पाढ्यावर असताना वीज गेली. परत आली तेव्हा मासा सतरा सातावरच थांबलेला होता. आचलने टाळ्या पिटल्या.

रंजीताने आपल्या नावाखाली धनराज मास्तरांचं नाव टंकलं. मागून वाकून पाहणारा उमाजी म्हणाला, "मंग झिंगूचंबी टाक. तीन दिवस चहा पाजला त्यानं."