अटकणारी बस

ड्रायव्हर परसराम शहारे एस.टी.तून निवृत्त झाले तेव्हा सुरुवातीचे काही महिने त्यांना घरात बसवत नव्हतं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते अंगणात येत, आणि जायचं कुठंच नाही हे लक्षात आलं की परत आत जात. त्यांच्या पत्नी विमलाबाई हे पाहत असत. मुलगा अश्वजित नागपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. एका रविवारी तो गावी, एकोडीला आला तो आपला जुना कॉम्प्युटर घेऊनच. सोबत टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग होतं, पायाखाली ठेवायचे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर होते. बस चालवायचा एक गेम त्यानं आधीच टाकून ठेवला होता.

परसराम आधी हसले. मग बसले. मग रोज दुपारी बसू लागले.

गेममधली गाडीही ते खऱ्या गाडीसारखीच चालवायचे. विनाकारण हॉर्न नाही, वळणावर ओव्हरटेक नाही, प्रत्येक थांब्यावर गाडी पूर्ण थांबवूनच दार उघडायचं. दुसरीतली नात मनाली शाळेतून आल्यावर बाजूला उभी राहून पाहायची. "आबाजी, जोरात पळवा ना," असं ती म्हणायची, आणि परसराम म्हणायचे, "मागं पॅसेंजर आहेत ना, बेटा."

दिवाळीनंतर धानाची मळणी उरकली, रस्त्यापलीकडची राईस मिल सुरू झाली, आणि त्याच सुमारास गेम अटकू लागला. परसरामांनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त खेळणं कमी केलं. सून खुशबू साकोलीतल्या एका पतसंस्थेत कामाला होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिला दोन-चारदा दिसलं की स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवलाय.

"मामाजी, आज गाडी नाही काढली?"

"नाई. अटकते ते."

"काय अटकते?"

"बस. चालता चालता मधातच अटकते, मंग एकदम पुढं उडी मारते. तेवढ्यात कोणीतरी आडवं येते. काल एका सायकलवाल्याले ठोकलं." ते थोडं थांबून म्हणाले, "गेममधातच, पण ठोकलं ना."

खुशबूनं रात्रीच्या जेवणाआधी अश्वजितला फोन लावला. गेमची सेटिंग कमी कर, असं त्यानं सांगितलं. सावल्या बंद कर, लांबची झाडं कमी कर. तिनं तसं केलं. झाडं पुठ्ठ्याची वाटू लागली, पाणी निळ्या पत्र्यासारखं दिसू लागलं, पण बस अटकायची ती अटकतच राहिली. मग त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा चालू करायला लावला.

"सेकंदाले किती चित्रं दाखवून राहिला, ते सांगते तो आकडा," अश्वजित म्हणाला. "साठ राहिला तर एकदम मक्खन. तिसाच्या खाली गेला का अटकते."

आकडा सुरुवातीला साठच होता. बस गावाबाहेर पडेपर्यंत तो चाळिसावर आला, पुढच्या गावात पंधरावर. खुशबूला बरं वाटलं. दोष आहे हे निदान दिसत तरी होतं.

परसरामांचा संशय मिलवर होता. मिलची मोटर सुरू झाली की गावातले दिवे मंद व्हायचे, हे सगळ्यांनाच माहीत होतं. "मशीनले करंट पुरत नाई," ते म्हणाले. "इंजिनले डिझेल नाई पोचलं तर गाडी असेच झटके मारते." बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणून मिलची सुट्टी असलेल्या दिवशी त्यांनी पुन्हा गेम लावून पाहिला. दिवे लख्ख होते. तरी आकडा पंधरावर उतरलाच.

मग अश्वजितनं फोनवरूनच कॉम्प्युटरच्या आतली उष्णता दाखवणारा एक प्रोग्रॅम टाकायला सांगितला. गेम सुरू झाला तशी उष्णता चढत चढत नव्वदीच्या वर गेली.

"खोल त्याले," अश्वजित म्हणाला.

"मी?"

"मंग कोण? मी व्हिडिओवर आहो ना. प्लग काढ आधी."

खुशबूनं कधी कॉम्प्युटर उघडला नव्हता. तिनं बाजूचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला, आणि विमलाबाईंना हाक मारली. आत पंख्याची पाती, त्यामागच्या धातूच्या जाळ्या, सगळ्यावर धानाच्या कोंड्याचा बारीक, पिवळट थर बसला होता. बोटानं खरवडला तर कापसासारखा निघत होता. कॉम्प्युटर ज्या खिडकीशी ठेवला होता, ती नेमकी मिलकडे उघडत होती.

"हवाच नाही जात आतमधी," अश्वजित पडद्यावरून म्हणाला. "गरम झालं का मशीन स्वतःच हळू होते. जळू नये म्हणून."

विमलाबाईंनी दाराला रंग द्यायचा ब्रश आणून दिला. खुशबू झाडत राहिली, विमलाबाई पंखा फिरू नये म्हणून बोटानं धरून बसल्या. प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा लेप सुकला होता, तो पुसून अश्वजितच्या सांगण्यावरून आधीच साकोलीहून आणलेला नवा लावला. कॉम्प्युटर समोरच्या भिंतीकडे, स्टुलावर हलवला. परसराम सारा वेळ खाटेवर बसून पाहत होते, वर्कशॉपमध्ये आपली गाडी मेकॅनिकच्या ताब्यात देऊन बसतात तसे.

गेम लावला. आकडा साठवर गेला आणि तिथंच राहिला. आधी मनालीनं चालवली. तिनं बस दोन घरांवर आणि एका म्हशीवर घातली, पण झटका एकही बसला नाही. खुशबूनं सावल्या आणि झाडं परत चालू केली. आकडा हलला नाही.

"बसा मामाजी."

परसराम बसले. आरसा पाहिला, गिअर टाकला. बस गावाबाहेर पडली. त्यांचा चेहरा सैल झाला. विमलाबाई चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात पडद्यावर एक सायकल डावीकडच्या गल्लीतून निघाली, सावकाश रस्त्यावर आली आणि बसखाली गेली.

"पाहा!" परसराम म्हणाले. "अटकलं ना पुन्हा!"

खुशबू त्यांच्या मागं उभी होती. सायकल गल्लीतून निघाल्यापासून तिला दिसत होती. आकडा साठवर होता.

तिनं त्यांना पुढं चालवू दिलं. पुढचा थांबा डाव्या हाताला होता, खाली माणसं उभी होती. बस त्यांच्यासमोरून निघून गेली. "या गावाले थांबा नाई वाटते," परसराम म्हणाले. त्यानंतर डावीकडून एक ट्रॅक्टर आला, त्यालाही बस धडकली. उजवीकडून येणारा ट्रक मात्र त्यांनी लांबूनच पाहून गाडी बाजूला घेतली.

खुशबूनं गेम बंद केला.

"मामाजी, एक करून पाहू. इथं मधात पाहा. डोळे हलवू नका. बाण दिसला का सांगा."

तिनं माऊसचा बाण उजव्या कडेनं आत आणला. "दिसला," ते लगेच म्हणाले. मग तिनं तो डाव्या कडेनं आणला. परसराम गप्प होते. बाण पडद्याच्या मध्यापर्यंत येत आला, तेव्हा ते म्हणाले, "दिसला." तिनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं.

"काय होते याच्यानं?" त्यांनी विचारलं.

"मशीन ठीक आहे, मामाजी."

"मंग?"

खुशबूनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. "उद्यापासून मनालीले शाळेत मी नेऊन देते."

परसरामांना समजायला वेळ लागला नाही. मनालीची शाळा साकोलीला होती, आणि ते तिला रोज मोटरसायकलवर हायवेपर्यंत आणि हायवे ओलांडून नेत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या गाडीखाली कुत्रं नाई आलं आजपर्यंत," ते म्हणाले. "अन् तू मले एका खेळण्यावरून सांगून राहिली?" ते उठले आणि अंगणात गेले. चहा तसाच राहिला. विमलाबाईंनी खुशबूला काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसात त्यायचं डोकं लय दुखलं होतं. झोपूनच होते दिवसभर. तेव्हापासून दाराच्या चौकटीले खांदा लागते त्यायचा. डावाच."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, वय झालं."

सकाळी परसरामांनी नेहमीप्रमाणे मोटरसायकल अंगणात आणली. मनाली दप्तर घेऊन मागं बसली. खुशबू गाडीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, हँडलपासून हातभर अंतरावर, आणि किल्लीसाठी हात पुढं केला. परसरामांनी समोर पाहून किक मारली. गाडी सुरू झाली. त्यांनी मनालीला नीट धरायला सांगितलं आणि आजूबाजूला कुणीच नसल्यासारखा गिअर टाकायला पाय पुढं केला.

"मामाजी," खुशबू म्हणाली. "मी इथं उभी आहे."

ते दचकले. सगळी मान वळवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पुढं केलेल्या हाताकडे पाहिलं. मनाली म्हणाली, "आबाजी, चला ना." परसरामांनी इंजिन बंद केलं.  मग त्यांनी किल्ली काढली आणि खुशबूच्या हातात दिली. खुशबूला मोटरसायकल येत नव्हती. त्या दिवशी ती मनालीला घेऊन ऑटोनं गेली.

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात परसरामांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मध्ये पाहायचं, कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. एकेक डोळा वेगळा तपासला. परसरामांनी मन लावून बटण दाबलं आणि बाहेर येऊन खुशबूला म्हणाले की आपला बहुतेक एकही ठिपका चुकला नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीचा डावा अर्धा भाग काळा होता.

"डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत सारखीच जागा गेली, म्हणजे प्रश्न मागं आहे, मेंदूत. डोळ्यांनी पाहिलेलं जिथं समजतं, तिथं."

स्कॅनमध्ये ते दिसलं. डोक्याच्या मागच्या भागात उजवीकडे लहानसा डाग, काही महिन्यांपूर्वी मेंदूला बसलेल्या झटक्याचा. रक्तदाब वाढलेला होता आणि परसरामांनी तो निवृत्तीनंतर कधी मोजलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्या आयुष्यभर घ्यायच्या. गेलेली नजर बहुधा परत येणार नाही, पण मान वळवून डावीकडे पाहायची सवय लावता येते, असं त्या म्हणाल्या. गाडी मात्र चालवायची नाही. कुठलीच.

"मले काळं काही दिसत नाई, मॅडम," परसराम म्हणाले. "काळं दिसलं असतं तर मले कळलं असतं ना?"

"काळं दिसत नाही. तिथं काही नसतंच. त्यामुळं माणसाला कळत नाही."

परसरामांनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि साकोली येईपर्यंत रस्ता पाहत राहिले.

गेम त्यांनी सोडला नाही. त्याला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. दुपारी विमलाबाई भाजी निवडायला घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागल्या. "मान," एवढंच त्या म्हणायच्या, आणि परसराम मान वळवायचे. सुरुवातीला त्यांना राग यायचा. एकदा त्यांनी स्टिअरिंग सोडून दिलं आणि म्हणाले, "तूच चालव मंग." विमलाबाईंनी खरंच चालवायला घेतलं, आणि बस डेपोच्या गेटमध्येच अडकवून ठेवली. त्यानंतर ते फारसे चिडले नाहीत. उन्हाळी धानाची रोवणी आटोपेपर्यंत थांबे क्वचितच सुटत होते. सायकली अजून कधीकधी खाली येत. मोटरसायकल अश्वजित नागपूरला घेऊन गेला. खुशबूनं स्कूटर शिकून घेतली.

मार्चमध्ये पुन्हा तपासणीसाठी भंडाऱ्याला जायचं होतं. साकोलीच्या बसस्टँडवर खुशबू पाण्याची बाटली आणायला गेली होती, परसराम बाकावर बसले होते. त्यांच्यासोबत बरीच वर्षं काढलेला, अजून नोकरीत असलेला ड्रायव्हर तुलाराम डावीकडून आला, शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "जय भीम, शहारे भाऊ."

परसरामांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज आला होता, माणूस नव्हता. तुलाराम थोडी वाट पाहून म्हणाला, "काय भाऊ, रिटायर झाले का ओळखत नाई?"

तेव्हा परसरामांनी मान वळवली, खांद्यासकट, आणि तुलाराम तिथं होता.

"जय भीम," ते म्हणाले. आपल्या नजरेचं त्यांनी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. विमलाबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं, तेव्हाही ते उठून आत गेले होते. "राग नको मानू, तुलाराम. मले डाव्या बाजूचं दिसत नाई आता. लहानसा झटका येऊन गेला."

तुलारामनं त्यांच्याकडे पाहिलं. डावी बाजू गेली म्हणजे गाडी सुटली, हे ड्रायव्हर माणसाला लगेच समजतं, तसं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.  बाकाला वळसा घालून तो परसरामांच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"चहा घेता?" तो म्हणाला. "माझी गाडी लागाले वेळ आहे."

"घेतो," परसराम म्हणाले. "सून येऊ दे. तिच्यासाठीबी सांग."