दिवसाचा पहिला मेसेज

मल्लम्मांचा रोजचा नेम ठरलेला होता. अंघोळ, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग फोन. लेकीच्या, पुनमच्या, खात्यातून दिवसाचे पहिले पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नसत. मेसेज इंग्रजीत असे. त्या चष्मा पुसून अक्षर अक्षर लावत. तीस रुपये, कुठलासा टी स्टॉल. म्हणजे पोरीनं चहा घेतला. एकशे वीस, ढाबा. म्हणजे पोटात काही गेलं. मग लातूरच्या त्या दोन खोल्यांत त्या एकटीपुरतं ताट वाढून घेत.

हा नेम कुणालाच ठाऊक नव्हता. पुनमला तर मुळीच नाही.

पुनम परदेशातल्या कंपन्यांच्या वेबसाइट करून देई. तिचं ऑफिस म्हणजे पाठीवरची बॅग. महिनाभर समुद्राकाठी, दोन महिने डोंगरात, पुढं कुठं ते तिचं तिला ठाऊक. खातं मात्र ती आठवीत असताना नांदेडला काढलेलं, आई-लेकीच्या दोघींच्या नावानं. पुनमचे वडील, चन्नबसप्पा, तेव्हा तिथं रेल्वेच्या ऑफिसात होते. ते गेले, मल्लम्मा लातूरला भावांच्या जवळ आल्या, पण खात्यावरचा मोबाइल नंबर मल्लम्मांचाच राहिला. पुनम पैशाला नेटकी होती. डॉलर जमा झाले की त्याच दिवशी टॅक्सचे बाजूला काढी, सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव निराळी ठेवी. फक्त सगळं त्या एकाच खात्याला टांगलेलं होतं.

मोठी रक्कम हलवायची असली की तिचा फोन येई.

"अव्वा, ओटीपी सांग गं."

"चार... सात... थंडी हाय का गं तिकडं?"

"हाय. पुढचा आकडा?"

"दोन... स्वेटर घालतीस का न्हाई?"

"अव्वा, टाइम संपून राहिलाय!"

एवढंच बोलणं. पण ते मल्लम्मांना चार दिवस पुरे.

फेब्रुवारीत एक वेगळा मेसेज आला. खात्याची केवायसी बाकी आहे, खातेदारानं शाखेत स्वतः यावं, नाहीतर व्यवहार थांबतील. नेमका हाच मेसेज मराठीत होता, त्यामुळं समजलं नाही म्हणायची सोय नव्हती. 'स्वतः यावं' या शब्दांवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. पोर घरी येऊन दोन वर्षं झाली होती. मग ओटीपीसाठी फोन आला, त्यांनी आकडे सांगितले, मेसेजचं सांगितलं नाही. मार्चमध्ये पुन्हा तोच मेसेज आला. तोही त्यांनी पोटात ठेवला. पूजेला बसलं की हात जरा जड वाटायचा, इतकंच.

एप्रिलातल्या एका सकाळी मेसेज आलाच नाही. दुपार झाली. ताट तसंच. दिवेलागणीला फोन वाजला.

"अव्वा, खातं बंद पाडलंय त्यांनी. खोलीचं भाडं द्यायचंय, मालकीण दारात उभी हाय. तुला बँकेचा काही मेसेज आलता का?"

मल्लम्मांची नजर देव्हाऱ्याकडं गेली.

"आलता."

"कवा?"

"दोनदा. मी सांगितलं न्हाई."

"का?"

"तू येशील म्हणून."

मग पुनम हळूच म्हणाली, "सकाळपासून नुसतं पाणी पिऊन हाय मी."

आपणही उपाशी आहोत, हे मल्लम्मा बोलल्या नाहीत. बोलायचं तोंडच राहिलं नव्हतं.

मैत्रिणीकडून उसने घेऊन पुनम चौथ्या दिवशी नांदेडला उतरली. मल्लम्मा पहाटेच्या एसटीनं लातूरहून आल्या. बँकेच्या दारात लेक वाकून पाया पडली. खांद्याची हाडं वर आली होती.

काउंटरवरच्या मुबश्शिरा मॅडमनी कागद पाहिले, सह्या घेतल्या. "झालं बघा काकू. नंबर तुमचाच ठेवायचा का हिचा टाकायचा?"

"अव्वाचाच राहू द्या," पुनम म्हणाली. "नवीन झंझट नको."

"न्हाई," मल्लम्मा म्हणाल्या. "तिचा टाका."

"अव्वा, मला राग न्हाई आता. खरंच."

"तुला न्हाई गं. पण तसा मेसेज परत आला तर मी परत दडवीन. माझं मन मला ठाऊक हाय."

मॅडम हसल्या. "या अल्ला! काकू, सगळे असं खरं बोलायला लागले तर आमचं निम्मं काम कमी होईल."

जुन्या नंबरवर शेवटचा ओटीपी आला. मल्लम्मांनी सहाही आकडे सलग वाचून दाखवले. मध्ये काही विचारलं नाही.

पुनमच्या परतीच्या गाडीला संध्याकाळपर्यंत वेळ होता. स्टेशनसमोरच्या खानावळीत पुनमनं तीन चपात्या खाल्ल्या. तिसरी संपत आली तेव्हा मल्लम्मांनी पहिला घास घेतला.

"तू का गं थांबलीस?"

"सवय हाय," त्या म्हणाल्या.

नंबर बदलला तरी नेम कसा बदलणार? दोन दिवसांनी, लातूरला, पूजा आटोपून त्या ताट पुढं घेऊन बसल्या. फोन गप्प. एक वाजला. पोर कामात असेल म्हणून आजवर त्यांनी स्वतः होऊन कधी फोन केला नव्हता. आज केला.

"अव्वा? काय झालं?"

"काही न्हाई. जेवलीस का?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"...हाव. जेवले की."

बँकेचा मेसेज असा कधी अडखळला नव्हता, आणि तो खोटंही बोलत नसे.

"बरं," मल्लम्मा म्हणाल्या. त्यांनी वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.