बिननावाची एकोणीस

दुसरी फ्लॉपी वाचताना ड्राइव्ह सहा वेळा कर्रकर्र करून थांबला. पहिलीला त्याने दोनदाच केलं होतं. सातव्या वेळी आवाज आला नाही आणि फाइल परत आली.

आली, पण वीस दिवसांपूर्वीची. ताज्या बॅकअपच्या फ्लॉपींवर आमच्या डॉक्टरांनी गेम उतरवून घेतला होता. शनिवारी वीज गेली, जन्मनोंदीची फाइल बिघडली, आणि या वीस दिवसांत नाव नोंदवून गेलेली एकोणीस बाळं प्रसूतिगृहाच्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा बिननावाची झाली. नावं खिडकीवर विचारून थेट टाइप करायची, कागद वाचवायचा, ही कल्पना माझीच. यादी संध्याकाळी नगरपरिषदेत द्यायची होती. सगळ्यांना निरोप धाडले.

शेवटी आली ती पेणकरपाड्याची सुलू. खांद्यावर तान्ही मुलगी, सोबत सासू इंदूबाई आणि नणंद हंसा. बारशाला आत्या म्हणून हंसाने नाव ठेवलं होतं, स्वीटी. त्यानंतर सुलू दोनदा एकटीच खिडकीशी येऊन गेली होती. "ताई, ठेवलेलं नाव बदलता येतं का?" यादी जाईपर्यंत येतं, असं मी दोन्ही वेळा सांगितलं. दोन्ही वेळा ती "बघते" म्हणून परत गेली होती.

"मुलीचं नाव पुसलं गेलंय," मी म्हणाले.

"पुसलं?" इंदूबाई कडाडल्या. "शंभर पानं उठली बारशाला! या मशीनला आवतण नव्हतं म्हणून रुसलं काय?"

"पुन्हा सांगा, लिहून घेते."

"स्वीटी," हंसा म्हणाली. "एस, डब्ल्यू..."

"पुढे? डबल ई की ई ए?"

हंसा अडली. "थांबा हां. केबिन रोडला स्वीट मार्टची पाटी आहे ना, बघून येते. तोवर काय पण टाइप करू नका!" आणि चपला फटफटवत गेली.

"शिकलेली आहे माझी पोर," इंदूबाई मला म्हणाल्या. "खात्री केल्याबिगर बोलायची नाय."

रकान्यात कर्सर लुकलुकत होता. सुलू त्याच्याकडे बघत होती. तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"वन्सं यायच्या आत लिहा, ताई," ती म्हणाली. मग सासूकडे वळली. "आई, हिचं नाव मेधा."