चार नंबर हलंना

संघपालनं पॅनेलचं बटन दाबलं तेव्हाच त्याचे पाय भरून आले होते. लातूरच्या एमआयडीसीतल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात गॅसगळती ओळखणारं यंत्र सांभाळता सांभाळता त्याला एकोणीस वर्षं झाली, पण शाबासकीचा एक शब्द कुणी दिला असेल तर शपथ! यंत्र वाजलं की शिव्या याला. नाही वाजलं की हा बसून पगार खातो म्हणे!

खंडेनवमी होती. सकाळी कारखाना थांबवून यंत्रांची पूजा झाली होती, आता दुपारी तो परत चालू करायचा होता. दरवर्षी पूजेआधी संघपाल सगळ्यांना बजावायचा, गॅस हुंगणाऱ्या डब्यांना हळद-कुंकू लावू नका, त्यांची तोंडं बुजतात. आणि दरवर्षी कुणीतरी नाक मुरडायचं, याला आमच्या देवाधर्माचं वावडंच आहे. यंदा त्याला वीट आला. करा काय करायचं ते, म्हणून तो गेटपाशी लिंबाखाली जाऊन बसला.

पॅनेल चालू झालं की सहाही डब्यांचे आकडे दोन मिनिटं थरथरतात, मग शून्यावर बसतात. आज पाच थरथरले. चार नंबर शून्यावरून ढिम्म हलला नाही. संघपालनं रीसेट दाबलं. दोन मिनिटं थांबला. परत तेच.

"शून्य हाय न्हवं? मग झालं की!" सुपरवायझर वैजनाथ मागून म्हणाला. "कर सही. बाहेर गाड्या खोळंबल्यात."

"चांगला डबा जरा तरी हलतो, वैजनाथराव. ह्यो हलंना."

"लई फाटे फोडून राहिलास गड्या. सणाचं मला बी घरी जायचंय."

घरी तर संघपाललाही जायचं होतं. चार नंबर खाली तळघरात, बत्तीस पायऱ्या, आणि गुडघा सकाळपासून ठणकत होता. तेल काढायला वापरतात त्या हेक्झेनचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जाऊन साचतो, म्हणून डबाही खालीच. त्यानं वहीवर पेन टेकवलं.

"खाली कोन हाय?" सही करता करता त्यानं सहज विचारलं.

"कोंडाबाई झाडून राहिली. तास झाला असंल."

पेन तिथंच पडलं. गुडघा गेला खड्ड्यात! पायऱ्या संपत आल्या तसा पेट्रोलसारखा वास नाकात घुसला. कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती, झाडू मांडीवर.

"उपासानं गरगरून राहिलंय, भाऊ," ती कशीबशी बोलली. "जरा बसले."

तिच्या डोक्यावरच चार नंबरचा डबा होता. जाळीवर हळद-कुंकवाचा बोटभर थर, वरून झेंडूचं फूल. संघपालनं ते बुजलेल्या जाळीचं टोपणच उपटून फेकलं आणि तिच्या बगलेत हात घातले. वर भोंगा असा केकाटला की चौघं-पाचजण धावत आले. त्यांनीच तिला उचलून वर नेलं.

लिंबाखाली वारं लागल्यावर तिनं डोळे उघडले. वैजनाथ, तोंडचं पाणी पळालेला, स्वतः तिच्या तोंडावर पाणी मारत होता. भोंगा वाजतच होता.

"आपलंच यंत्र वाजलं का, भाऊ?" तिनं संघपालला विचारलं. तिचा चेहरा जरा खुलला. "बाकीच्यांनी हळद-कुंकवाची नुसती दोन बोटं टेकवली. मी मातर पार तोंड भरून लावलं. खाली मी एकटीच असते, मला तेच राखतंय."

संघपालनं तिला रागवावं तरी कसं? दोन शब्द खर्च करायचा आळस त्यानं केला होता, तिनं नव्हता केला.

"भोंगा रीसेट करू का?" वैजनाथनं हळूच विचारलं.

"वाजू द्या," संघपाल म्हणाला आणि कोंडाबाईजवळ मातीत बसला. "माजं सांगायचं राहून गेलं, बाई. माजंच चुकलं."