शेवटच्या तासाची कादंबरी

बाईंना शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी दुपार कलायला लागली की त्यांचा घसा आपोआप साफ होतो. ही शेवटच्या तासाची सवय. आयुष्यभर त्यांनी चौथीचा वर्ग सांभाळला आणि त्या वर्गाचा शेवटचा तास कादंबरीसाठी राखून ठेवला.

सुरुवात झाली ती नाइलाजाने. शेवटच्या तासाला पोरं म्हणजे दोर सुटलेली वासरं. कुणाचं दप्तर आधीच पाठीवर, कुणाचा एक पाय बाकाबाहेर. गणित घ्या, व्याकरण घ्या, पालथ्या घड्यावर पाणी. एके दिवशी वैतागून बाई खुर्चीत बसल्या, पर्समधली स्वतःची कादंबरी काढली आणि मनातल्या मनात वाचू लागल्या. हळूहळू वर्ग गप्प झाला. सगळा वर्ग ज्याला ‘वकील’ म्हणायचा त्या पोराने उभं राहून विचारलं, “बाई, तुम्ही एकट्याच का हसताय?” बाईंनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. मग पुढचा. त्या दिवशी घंटा झाल्यावर कुणी पळालं नाही.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. दरवर्षी दोन-तीन कादंबऱ्या व्हायच्या, पण एक मात्र प्रत्येक वर्गाला मिळायची. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, तिथला म्हातारा राखणदार, वादळात होडी फुटून त्याच्याकडे आलेली एक चौकस पोरगी आणि कुणाचंच न ऐकणारी एक शेळी. बाई राखणदाराचं बोलणं खर्जात वाचायच्या, पोरीचं घाईघाईत. शेळीचं ओरडणं वर्गाकडे सोपवलेलं होतं आणि ते काम पोरं जीव ओतून करायची. शेजारच्या वर्गातून तक्रार आली ती त्यावरूनच.

तक्रार गेली मुख्याध्यापकांकडे. हा माणूस मूळचा गणिताचा. आवाज असा, की प्रार्थनेनंतरच्या सूचना द्यायला कधी ध्वनिक्षेपक लागला नाही. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की पोरांना गोष्टी घरी आजीही सांगते, शाळेत अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, की अभ्यासक्रम पुरा आहे, हवं तर तपासा. त्यांनी खरंच तपासला. चूक सापडली नाही, म्हणून विषय तिथेच राहिला. पण त्यांच्या मनातून काही गेला नाही.

आणि त्याच वर्षी, गोष्ट ऐन वादळात आलेली असताना, बाईंचा घसा बसला. आधी खरखर, मग नुसता वारा. डॉक्टरांनी बजावलं, की आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. बाईंनी फळ्यावर लिहून अभ्यास घेतला. शेवटच्या तासाला मात्र फळ्यावर ‘आज वाचन नाही’ एवढंच लिहिलं आणि पोरांची तोंडं बघवेनात म्हणून खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. बाईंना बोलता येत नाही, तर आपण पाढे घेऊ, या हिशेबाने आले होते. वर्ग स्मशानासारखा शांत. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तसा वकील उठला आणि खटला मांडावा तशी सगळी हकीकत मांडली. राखणदार पाय मोडून पडलाय, दिवा विझलाय, समोरून जहाज येतंय आणि पोरगी काड्यापेटी घेऊन जिन्यात अडकलीय.

“मग?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“मग काय सर, बाईंचा घसा बसला.”

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही न लिहिता पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

त्यांनी वाचायला सुरुवात केली ती सूचना वाचावी तशी. वादळ, जहाज, जिना, सगळं एकाच सुरात, खणखणीत. राखणदार तर असा गरजला, की पुढच्या बाकावरची पोरं मागे सरकली. शेवटी एका मुलीने हात वर केला. वर्गात फारशी न बोलणारी, म्हणून तिला सगळे ‘मुकी मैना’ म्हणायचे.

“सर, राखणदार ओरडत नाही,” ती म्हणाली. “तो हळू बोलतो. म्हणून सगळे ऐकतात.”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, तेच वाक्य पुन्हा घेतलं, आणि या वेळी हळू वाचलं. वर्गाने मान डोलावली. पानामागून पान उलटत गेलं आणि त्या दणदणीत आवाजातून एक वेगळाच, जुन्या दाराच्या कुरकुरीसारखा आवाज निघायला लागला. पोरगी जिना चढून वर पोचली आणि खाली राखणदार अंधारात तिला हाका मारत राहिला, तिथे ते थांबले. ओळ हरवली असं समजून मैना उठली आणि कुठे वाचत होते ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी घसा खाकरला आणि पुढे चालू केलं.

मागच्या बाकावर बाईंनी डोळे मिटले होते. हे पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होतं. पण वाचताना त्यांचं लक्ष कायम पुढच्या ओळीवर, खोड्या करणाऱ्या हातांवर, घड्याळावर. इतकी वर्षं त्या पंगतीला वाढत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना पानावर बसवलं होतं. दिवा पेटला, जहाज वळलं, आणि शेळीच्या पाळीला सगळ्या वर्गाबरोबर त्यांनीही तोंड उघडलं. आवाज अर्थातच फुटला नाही.

घसा सुटल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि लगेच, अगदी नम्रपणे, विचारलं, की राखणदार मात्र सरच वाचतील ना? बाईंना जरा लागलं. नाही कसं लागेल? पण त्यांनीच मुख्याध्यापकांना निरोप धाडला. सरांची बदली होईपर्यंत शेवटच्या तासाला वर्गात दोन खुर्च्या असायच्या. कामाच्या धबडग्यात ते पाचेक मिनिटं उशिरा यायचे, आणि बाई तोवर समुद्राचं वर्णन जरा लांबवायच्या.

आता बाईंचे डोळे लवकर थकतात. सुट्टीच्या दुपारी सून शेजारी बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवते. ती बँकेत नोकरीला आहे, वाचतेही तशीच, भराभर आणि बिनचूक. मधेच थांबून विचारते, “आई, झोपलात का?”

“नाही गं,” बाई डोळे न उघडता म्हणतात. “पुढे वाच.”