ज्या हातातून मी पडतो

मी पिवळा चेंडू बोलतोय. खेळातला नव्हे, औषधातला. मऊ रबराचा, मुठीत मावेल एवढा. पार्सलमधून आलो तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'अशक्त हातासाठी'. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मला ज्या हातानं उचललं, त्यानं पहिल्याच दाबात माझा जीव काढला.

हात बाबांचा. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली. अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. दवाखाना बसनं तीन तासांवर, म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा मोबाइलवर येत. मोबाइल धरायचं काम नव्या सूनबाईकडे. ती फार बोलत नसे. या घरात मीठ कुठे असतं हेही अजून विचारूनच घेत होती.

बाई आपल्या उजव्या हातात चेंडू घेऊन म्हणत, "मी करते तसं करा." बाबा उजव्यानं करत. डावा चादरीखाली.

"अहो, दुखणं त्या हाताला ना?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"समोरचा दाखवील तोच हात. कवायतीचा नियम आहे. तुला काय कळतंय त्यातलं?"

असेल बुवा नियम, मला वाटलं. पण मग चादरीखालचा हात कुणाचा?

बाईंना पडद्यावर दिसायची फक्त मूठ. सहाव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "छान सुधारणा आहे. आज आपलं शेवटचं. तुमची वेळ आता दुसऱ्या पेशंटला देते."

बाबा हसले. पण मला त्यांनी इतकं आवळलं, की हे हसणं कसलं तेच कळेना.

 सूनबाईनं चादर बाजूला केली आणि मोबाइल तेवढा डावीकडे वळवला.

बाईंनी आपला चेंडू खाली ठेवला. "हा हात मी पाहिलाच नाही. चूक माझी. पहिल्यापासून सुरू करू."

"अगं, चेंडू पडेल," बाबा सुनेला हळूच म्हणाले. "तुझ्यासमोर."

"पडू दे की, बाबा. मी खालीच बसते."

तेव्हापासून मी रोज पडतो. आज सकाळी सतरा वेळा. अठराव्या वेळी माझ्या कडेला काहीतरी टेकलं. बोट होतं की भास, अजून सांगता येत नाही.

कधी या घरी आलात आणि मी घरंगळत तुमच्या पायाशी पोचलो, तर एवढंच करा. मला पुन्हा त्याच हातात द्या, ज्यातून मी पडतो.